इंदूरच्या पाण्यात गोल्डफिश: टाकी, ऋतू आणि दुखणी

गोल्डफिश मलूल दिसला की घरातल्यांची पहिली धाव दुकानातल्या निळ्या औषधाच्या बाटलीकडे जाते. पण बहुतेक वेळा दुखणं माशात नसतं, पाण्यात असतं. आणि ते निळं औषध टाकीतले उपयोगी जीवाणू मारून पाणी आणखी बिघडवतं. मासा तळाशी बसून राहिला, पर मिटून घेतले, वर येऊन तोंड मारू लागला, तर औषधाआधी चार आकडे बघायचे: अमोनिया, नायट्राइट, पीएच, तापमान. पहिले दोन शून्य हवेत. पीएच 7 ते 8.4 चालतो, तापमान 18 ते 24 डिग्री. थेंब टाकून रंग बघायचं लिक्विड टेस्ट किट पट्ट्यांपेक्षा भरवशाचं असतं. औषधांच्या पैशात आधी ते घ्या.

नर्मदा की बोरिंग?

इंदुरात बऱ्याच घरी दोन प्रकारचं पाणी असतं. एक नर्मदेचं, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर पंप होऊन येणारं, दुसरं बोरिंगचं. नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन असतं. बोरिंगच्या पाण्यात नसतं, पण माळव्याच्या काळ्या खडकातून आल्यानं ते जड असतं. गोल्डफिशला जड पाणी मानवतं, त्यामुळे काचेवर पांढरे डाग पडले तरी काळजी नको. मासा वैतागतो तो अदलाबदलीनं. या आठवड्यात नर्मदेचं पाणी, पुढच्या आठवड्यात नळ आला नाही म्हणून निम्मी टाकी बोरिंगची, असं झालं की पीएच आणि जडपणा एका तासात हलतात. एकच पाणी ठरवून टाका. दोन्ही एकाच हौदात पडत असतील तर पाणी बदलताना एका वेळी पाव टाकीच्या वर जाऊ नका.

बोरिंगचं ताजं पाणीही थेट ओतू नये. जमिनीखालून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो. बादलीत रात्रभर एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावलेला बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडला की ते ठीक होतं. आरओचं पाणी तर नकोच. त्यातले क्षार निघून गेलेले असतात, म्हणून टाकीत आम्लता वाढली की पीएचला धरून ठेवणारं काही उरत नाही आणि तो एका रात्रीत कोसळतो.

नर्मदेच्या पाण्यातलं क्लोरीन उघड्या बादलीत हवा सोडून 24 तासांत बरंचसं उडतं. झाकलेल्या हौदात किंवा गच्चीवरच्या बंद टाकीत मात्र ते दोन दिवसांनीही शिल्लक असू शकतं. यावर स्वस्त उपाय म्हणजे हायपोचे खडे, म्हणजेच सोडियम थायोसल्फेट. 10 ग्रॅम खडे 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवून काळ्या बाटलीत ठेवा आणि दर 10 लिटर नव्या पाण्याला 1 मिलिलिटर टाका. नळाच्या नेहमीच्या क्लोरीनला एवढं पुरतं. पावसाळ्यात नदी गढूळ होते तेव्हा क्लोरीनचा वास जास्त येतो. त्या दिवसांत मात्रा दुप्पट केली तरी माशाला अपाय नाही. हायपो क्लोरीन मारतं, अमोनियाला हात लावत नाही, एवढं लक्षात असू द्या.

टाकी किती मोठी

काचेचा गोल बाऊल विसरा. दुकानातल्या 2 फुटी टाकीत (60 बाय 30 सेंटिमीटर, पाणी 33 सेंटिमीटर) धड 60 लिटरही मावत नाही. त्यात एक ओरांडा किंवा रयुकिन (गुबगुबीत, दुहेरी शेपटीच्या फॅन्सी जाती), फार तर दोन लहान पिल्लं, आणि तीही वर्षभरच. दोन-तीन फॅन्सी मासे मोठे करायचे असतील तर 3 फुटी टाकी घ्या: 90 बाय 38, पाणी 40 सेंटिमीटर, म्हणजे जवळपास 137 लिटर. काच आणि रेतीसकट हे ओझं दीडशे किलोच्या पुढे जातं, म्हणून प्लायवूडच्या टीव्ही स्टँडवर नाही, लोखंडी स्टँडवर, आणि खाली थर्मोकोलची शीट. एकेरी शेपटीचे कॉमेट लांब आणि वेगवान असतात. त्यांना घरातली टाकी पुरत नाही, अंगणातला हौद बरा.

फिल्टर तासाला टाकीच्या पाच-सात पट पाणी फिरवणारा असावा. गोल्डफिश खूप खातो आणि तितकीच घाण करतो. प्रवाह मात्र माशाच्या अंगावर नको, काचेवर वळवा. गुबगुबीत रांचूला दिवसभर प्रवाहाशी झुंजायला लावलं तर तो दमतो. तळाला एक तर बारीक रेती घाला, नाहीतर तोंडात मावणार नाहीत असे गुळगुळीत गोटे. मटारएवढे रंगीत खडे सर्वांत वाईट, कारण मासा तळ उकरताना ते नेमके घशात अडकतात. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत चेक व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर वीज गेली की पाणी उलटं नळीतून पंपात येतं आणि तिथून जमिनीवर.

नवी टाकी आणि जीवाणू

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. फिल्टरच्या स्पंजावर वाढणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग दुसरे जीवाणू नायट्रेट. पहिली दोन विषं. तिसरं 40 पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आत असेल तर चालतं, आणि ते पाणी बदलूनच काढायचं असतं. हे जीवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्त. सोमवारी टाकी, मंगळवारी मासे, पुढच्या सोमवारी मेले, या नेहमीच्या तक्रारीचं कारण एवढंच आहे.

मासे नसताना टाकी तयार करायची रीत अशी. टाकी भरा, हायपो टाका, फिल्टर सुरू करा. केमिकलच्या दुकानातून शुद्ध अमोनियम क्लोराइड आणा. कल्हईवाल्यांचा नवसागर तोच पदार्थ असला तरी त्यात भेसळ काय असेल सांगता येत नाही, तो घेऊ नका. 60 लिटरला 0.4 ग्रॅम टाकलं की अमोनिया साधारण 2 पीपीएम होतो. तो शून्याकडे आला की पुन्हा तेवढंच टाका. ज्या दिवशी टाकलेला अमोनिया 24 तासांत शून्य होतो आणि नायट्राइटही शून्य दिसतं, त्या दिवशी निम्मं पाणी बदला आणि मासे आणा. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर हे काम दोन आठवड्यांवर येऊ शकतं.

मासे आधीच आणले असतील तर खाणं दिवसाआड, चाचणी रोज, आणि अमोनिया 0.25 पीपीएमच्या वर गेला की त्याच दिवशी 30 ते 50 टक्के पाणी बदल. इथे पीएचचा आकडा महत्त्वाचा ठरतो. 25 डिग्रीला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. पीएच 8 ला तो साडेपाच टक्के होतो. म्हणजे किटवर रंग तोच, पण बोरिंगच्या पाण्याचा पीएच 8 असेल तर विष जवळपास दहापट.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुणं ही घराघरातली चूक. क्लोरीननं जीवाणू मरतात, टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते आणि स्वच्छता केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे सुस्तावतात. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच दोन-तीनदा पिळा. मळकट राहिला तरी चालेल.

खाणं

तळाशी बुडणारे 2-3 मिलिमीटरचे दाणे, मिनिटभर भिजवून, दिवसातून दोनदा, दीड-दोन मिनिटांत संपतील इतकेच. गोल्डफिशला जठर नसतं. अन्न थेट आतड्यात जातं, म्हणून त्याला सतत भूक लागल्यासारखी वाटते आणि काचेशी येऊन तो मागत राहतो. त्याच्या मागण्यावर जाऊ नका. आठवड्यातून दोनदा सालं काढून उकडलेला मटार किंवा वाफवलेला पालक द्या. पाव, बिस्किट, मुरमुरे आणि शेव (इंदूर आहे म्हणून सांगावं लागतं) यातलं काहीही नाही. नाल्याकाठचे जिवंत ट्युबिफेक्स किडे स्वस्त मिळतात, पण त्यांच्याबरोबर रोगही घरी येतात.

मे आणि जानेवारी

मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. त्या पाण्यानं टाकी बदलायची नाही. पहाटे बादल्या भरून घरात ठेवायच्या आणि थर्मामीटर लावून, फरक 2 डिग्रीच्या आत असेल तेव्हाच ओतायचं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: 20 डिग्रीला लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 डिग्रीला साडेसात, आणि इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्यानं त्याहून थोडा कमीच. त्याच वेळी माशाला मात्र जास्त ऑक्सिजन लागतो. म्हणून पहाटे सगळे मासे वर येऊन तोंड मारताना दिसले तर एअर पंप वाढवा आणि खाणं निम्मं करा.

टाकी थंड करायला झाकण काढून जाळी लावा आणि लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. कोरड्या मे महिन्यात दोन ते चार डिग्री सहज उतरतात; जुलैच्या दमट हवेत तोच पंखा काही करत नाही, पण तेव्हा गरजही नसते. बर्फाच्या बाटलीवर फार भिस्त ठेवू नका. अर्ध्या लिटरची गोठलेली बाटली 60 लिटर पाणी फार तर एखाद्या डिग्रीनं उतरवते. पंख्यानं उडालेल्या पाण्याच्या जागी भर घालत राहिलात तर क्षार साठत जातात, कारण वाफ होऊन पाणीच जातं, क्षार मागे राहतात. भर घालणं वेगळं आणि पाणी बदलणं वेगळं. आठवड्याचा 30 टक्के बदल चुकवू नका.

जानेवारीत रात्री बाहेर दहाच्या खाली जातं, घरात दिवस-रात्रीचा फरक पाच-सहा डिग्री होतो. कॉमेटला थंडी चालते. ओरांडा, रांचू, ब्लॅक मूर यांना पोटाचे विकार याच दिवसांत होतात. लिटरला 1 वॅटच्या हिशोबानं थर्मोस्टॅटचा हीटर 20-21 डिग्रीवर ठेवा. पाणी बदलताना आधी त्याचं बटण बंद. गरम हीटर उघडा पडला की काच तडकते. हीटर नसेल आणि पाणी 15 च्या खाली गेलं तर खाणं अगदी कमी करा.

दुखणी

पांढरे ठिपके. अंगावर, परांवर मिठाच्या कणांसारखे ठिपके आणि मासा वस्तूंना अंग घासतोय, तर हा व्हाईट स्पॉट. पण आधी नीट बघा. ठिपके फक्त कल्ल्याच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर, ओळीत, एकसारखे असतील आणि मासा तरतरीत असेल, तर तो वयात आलेला नर आहे. थंडी सरता सरता इंदुरात कित्येक निरोगी नरांना यासाठी उगाच औषध पाजलं जातं.

खऱ्या व्हाईट स्पॉटचा परजीवी त्वचेखाली असेपर्यंत औषधाला दाद देत नाही. तो गळून तळाशी जातो, फुटतो आणि त्यातून शेकडो पिल्लं पोहत बाहेर येतात. मरतात ती तेव्हाच. 25 डिग्रीला हा फेरा आठवड्याच्या आत होतो, थंड पाण्यात महिनाभरही लांबतो. म्हणून तापमान दोन दिवसांत हळूहळू 27-28 वर न्या, हवा वाढवा आणि खडे मीठ लिटरला 3 ग्रॅमपर्यंत चढवा. 60 लिटरला 180 ग्रॅम, एकदम नाही: 60 ग्रॅम, 12 तासांनी 60, आणखी 12 तासांनी 60, दर वेळी मगात विरघळवून. ठिपके गेल्यावरही एकूण 10 ते 14 दिवस तसंच ठेवा. मीठ उडून जात नाही, त्यामुळे 20 लिटर बदललंत तर 60 ग्रॅमच परत टाका. रोज अंदाजानं मूठ टाकणाऱ्याच्या टाकीत आठवड्यात खाडी होते. झाडं असतील तर आधी बाहेर काढा.

उलटा तरंगणारा मासा. फॅन्सी जातींत पोट आखूड असतं, आतडं फुगलं की वायूच्या पिशवीवर दाब येतो. दोन-तीन दिवस खाणं बंद, पाणी 22-23 डिग्री, मग फक्त सोललेला मटार, नंतर भिजवलेले बुडणारे दाणे. बद्धकोष्ठ असेल तर आठवड्यात फरक दिसतो. 60 लिटरला 6 ग्रॅम एप्सम सॉल्टही (मॅग्नेशियम सल्फेट) टाकता येतं. ते खडे मिठाच्या जागी नाही, काम वेगळं आहे. पाठ पाण्याबाहेर राहून वाळत असेल तर पातळी कमी-जास्त करून ती ओली राहील असं बघा. महिना उलटूनही सुधारणा नसेल तर पिशवीची घडणच सदोष असण्याची शक्यता मोठी. असे मासे उथळ पाण्यात, हातानं भरवून बराच काळ जगतात.

काळे डाग. नव्या टाकीत केशरी माशावर अचानक काळे पट्टे आले तर तो रोग नाही, बहुतेकदा अमोनियानं भाजलेली त्वचा भरून येतेय. पाणी तपासा, डाग आपोआप जातात.

तपकिरी कल्ले, धाप. नायट्राइट वाढलंय. निम्मं पाणी बदला आणि लिटरला 1 ग्रॅम मीठ टाका. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही.

पर कुजणं. कडा पांढुरक्या किंवा लालसर होऊन पर झिजत असेल तर जीवाणू, सरळ चिरलेला असेल तर टोकदार सजावट किंवा दुसरा मासा. दोन्हींत रोज 25 टक्के पाणी बदल आणि लिटरला 1 ते 2 ग्रॅम मीठ हा पहिला उपाय. झीज अंगापर्यंत पोचली तर वेगळ्या टबात औषध. मेथिलीन ब्लू, म्हणजे सुरुवातीचं ते निळं औषध, वापरायचं तर त्याच टबात. मुख्य टाकीत ते फिल्टरचे जीवाणू मारतं आणि काचेच्या जोडातलं सिलिकॉन कायमचं निळं करतं.

दोऱ्यासारखे किडे आणि चपट्या उवा. अँकर वर्म माशाच्या अंगातून पांढरट दोऱ्यासारखा लोंबतो, मुळाशी लाल फोड असतो. मासा ओल्या कपड्यात धरा, चिमट्यानं किडा मुळापासून, खवल्यांच्या दिशेनं सरळ ओढा, जखमेवर कापसाच्या बोळ्यानं पोव्हिडोन आयोडीनचा थेंब लावा आणि कल्ले वाचवा. उवा दिसायला चपट्या, पारदर्शक, डागासारख्या, पण सरकतात. त्याही चिमट्यानं निघतात. अंडी टाकीत उरतात, म्हणून पुढचे सहा आठवडे नजर ठेवा.

खवले उभे राहून मासा फुगणं. मूत्रपिंडं काम सोडतात तेव्हा हे होतं आणि त्यातून फार थोडे वाचतात. वेगळ्या टबात स्वच्छ पाणी आणि एप्सम सॉल्ट देऊन चार-पाच दिवस बघा. मासा आडवा पडून नुसता तडफडत असेल तर लवंगेचं तेल कोमट पाण्याच्या बाटलीत खळखळून हलवा आणि लिटरला 8-10 थेंब या हिशोबानं टबात मिसळा. मासा आधी बेशुद्ध होतो. कल्ले थांबल्यावर आणखी अर्धा तास तसाच ठेवा.

एक फसवी अवस्था जुन्या, दुर्लक्षित टाक्यांत येते. महिनोन्महिने पाणी बदललेलं नाही, पीएच 6 वर आलाय, अमोनिया भरपूर, तरी मासे ठीक. मग कुणी उत्साहानं निम्मं पाणी बदलतं, पीएच वर जातो, निरुपद्रवी अमोनियम विषारी अमोनिया होतो आणि संध्याकाळपर्यंत सगळे मासे पडतात. अशी टाकी रोज 10 टक्क्यांनीच सुधारायची. पाण्याचा केएच (पीएचला धरून ठेवणाऱ्या कार्बोनेट क्षारांचं माप) 4 डिग्रीच्या खाली असेल तर खाण्याचा सोडा चालतो: 100 लिटरला 3 ग्रॅम म्हणजे केएच साधारण एक डिग्रीनं वाढतो. दिवसाला त्याहून जास्त नको.

आणि ज्याचा संशय कुणाला येत नाही ते: डासांचं लिक्विड, झुरळांचा स्प्रे, दिवाळीआधीचा रंग. एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो आणि अशा बऱ्याच औषधांतले पायरेथ्रॉइड माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतात. फवारणी करायची असेल तर पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळी आणा आणि टाकीवर ओली चादर टाका. पाण्याच्या सगळ्या चाचण्या बरोबर आणि तरी मासे झटके देत फिरत असतील, तर आदल्या दिवशी घरात काय फवारलं ते विचारा.

नवे मासे, नको असलेले मासे

पिशवी 20 मिनिटं पाण्यात तरंगवा, मासा जाळीनं उचला, पिशवीतलं पाणी फेकून द्या. पण हे सगळं लगेच मुख्य टाकीत नाही. आधी तीन-चार आठवडे वेगळ्या टबात, स्वतःच्या स्पंज फिल्टरसह. हा टब रिकामा असतो तेव्हा त्याचा स्पंज मुख्य टाकीत ठेवून द्या, म्हणजे तो कधीही तयार असतो.

मोठे झालेले मासे सिरपूर, पिपल्यापाला किंवा बिलावलीच्या तलावात सोडू नका. गोल्डफिश तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि अंगावरचे किडे तिथल्या माशांना देतो. सिरपूर 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आहे. दुकानदाराला परत द्या किंवा हौद असलेल्या घरी.

बाहेरगावी जाताना

मोठा, निरोगी गोल्डफिश आठवडाभर न खाता आरामात राहतो. सुट्टीसाठी विकत मिळणारे पांढरे ठोकळे टाकू नका, ते पाणी नासवतात. निघण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदला, आदल्या दिवशी खाणं थांबवा, एअर पंप इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. त्याहून जास्त दिवस जाणार असाल तर शेजारच्या काकूंकडे दाण्यांचा डबा देऊ नका, प्रेमापोटी त्या रोज मूठभर घालतील. कागदाच्या पुड्या बांधा, एका पुडीत एका वेळचे दाणे, वर तारीख, आणि दिवसाआड एकच पुडी. वीज जाऊन आल्यावर फिल्टरमधून पाणी पडतंय ना, एवढं बघायला सांगा. तो पाच-सहा तासांहून जास्त बंद राहिला असेल तर आतलं कुबट पाणी आधी बादलीत ओतायचं, स्पंज टाकीच्या पाण्यात पिळायचा आणि मगच सुरू करायचा.